खडूनं लिहिलं तरी

काकांनी लिहिलेलं पहिलं गाणं मी वाचलं ते कपडे वाळत घालताना. बिबवेवाडीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नुकतीच भाड्यानं राहायला आले होते. सकाळी बादली घेऊन गच्चीत गेले, दोन चादरी दोरीवर टाकल्या आणि सहज खाली पाहिलं तर पायाखाली अक्षरं. पांढऱ्या खडूची, ठसठशीत, गच्चीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. चादरीतून निथळणाऱ्या पाण्यानं एक ओळ अर्धी पुसली गेली होती. मी घाबरून बादली बाजूला घेतली. तेवढ्यात मागून शांत आवाज आला, "असू द्या ताई. ती ओळ तशीही लंगडत होती."

हे आमचे घरमालक. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीभर कालव्याच्या काठानं चालले, पाण्याच्या दारांजवळच्या दगडांवर पातळी खडूनं लिहिली आणि आकडा लिहून झाला की उरलेल्या दगडावर गाणं लिहिलं. निवृत्त झाल्यावर दगड सुटला, खडू सुटला नाही. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे यांचा खडू असायचा, त्यामुळे त्या खिशावर कायम एक भुरकट डाग, ढगाआडच्या चंद्रासारखा. वही त्यांनी कधी घेतली नाही. वही घेतली की ती सांभाळावी लागते, म्हणायचे, आणि मग माणूस गाणं सोडून वहीच सांभाळत बसतो.

गच्चीवरचं गाणं काही दिवस राहायचं. उन्हात फिकं व्हायचं, कबुतरं त्यावरून फिरायची, काकू सांडग्यांचा कागद नेमका ध्रुवपदावर अंथरायच्या. मग एका सकाळी काका खराटा आणि पाणी घेऊन गच्ची धुवायचे. दुधासारखं पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खाली उतरायचं आणि जास्वंदीच्या कुंडीत पडायचं. मला हळहळ वाटायची. त्यांना नाही. ज्याला हवं होतं त्यानं नेलं असेल, एवढंच म्हणायचे.

आणि लोक खरंच न्यायला यायचे. बारसं असो, लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, जयंतीची मिरवणूक असो. दूरदूरच्या वस्त्यांतल्या बाया, गायनपार्टीतले पुरुष चपला दाराशी काढून आत यायचे, जयभीम घालायचे आणि सतरंजीवर बसायचे. गाणं कुणालाही मिळायचं. अट एकच. नेण्याआधी ते काकांसमोर एकदा म्हणून दाखवायचं. समोरचा म्हणू लागला की काका डोळे मिटून घ्यायचे. म्हणून झाल्यावरही इतका वेळ मिटलेलेच ठेवायचे की माणसाला वाटावं, झोप लागली. मग डोळे न उघडताच "न्या" म्हणायचे. तेवढंच. कुणाला चांगलं म्हणालेलं मी ऐकलं नाही आणि कुणाला नाहीही म्हणाले नाहीत.

त्यांचं बोलणंही असंच मधेच कुठेतरी तरंगत राहायचं. "उद्या पाणी..." असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागायचे. उरलेलं वाक्य चहानंतर यायचं, कधी दुसऱ्या दिवशी. "येणार नाही." तोवर नळ कोरडा पडलेला असायचा. काकू इंदापूरकडच्या, बोलायला ठोस. त्या म्हणायच्या, "यांचं वाक्य पुरं हुईस्तोवर माझा सैपाक हुतो."

मी एका प्रकाशनात परवानग्यांचं काम बघते. एखादी कविता किंवा उतारा संग्रहात घ्यायचा असला की लेखकाला, तो नसला तर त्याच्या वारसांना शोधून काढायचं आणि रीतसर विचारायचं. एका संध्याकाळी काकांनी मी नेमकं काय करते ते विचारलं. मी सांगितलं. त्यांचा समज असा की लेखकांनी आपापलं लिखाण कुठल्यातरी कचेरीत आधी नोंदवलेलं असणार आणि मी ते रजिस्टर बघत असणार. मी म्हटलं, तसं काही नसतं. लिहिलं की हक्क लिहिणाऱ्याचा. आपोआप.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अर्ज?"

"अर्ज नाही."

"शिक्का? साक्षीदार?"

"काही नाही. हवी तर नोंदणी करता येते, पण तिच्यावाचून हक्क अडत नाही."

"खडूनं लिहिलं तरी?"

"खडूनं लिहिलं तरी."

ते दाराबाहेर पाहत राहिले. मला वाटलं, विषय संपला. मी जायला उठले तेव्हा म्हणाले, "आणि पुसलं तर?"

"पुसलं तरी राहतो काका. लिहिणाऱ्याच्या हयातीत, आणि तो गेल्यावर पुढे साठ वर्षं."

त्या रात्री ते जेवले नाहीत असं काकूंनी दुसऱ्या दिवशी मला जरा रागानंच सांगितलं. पोरीनं काय भरवलं डोक्यात, असा तो राग होता. काका मात्र गच्चीवर हात मागे बांधून, आपल्याच अक्षरांना वळसा घालून चालत होते. मला पाहून थांबले आणि त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील धर्मांतराच्या पिढीतले. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबले. त्यांना एक नाद होता, तलाठ्याच्या कचेरीबाहेर जाऊन उभं राहायचं. काम काही नसायचं. लोक सातबारा घेऊन बाहेर पडायचे, तो उन्हात धरून वाचायचे, ते वडील बघत राहायचे. एकदा काकांनी, लहान असताना, विचारलं की आपलं नाव कुठे आहे. वडील म्हणाले, शाळेच्या हजेरीत आहे ना तुझं, तिथनं सुरुवात कर. काका खालच्या अक्षरांकडे पाहून म्हणाले, "कुणाच्या दारात उभं न राहता मिळालेली ही आमच्या घरातली पहिली मालकी. आणि मी ती खराट्यानं धूत होतो."

त्यानंतर काकांनी जे आरंभलं त्यानं अख्खी गल्ली हैराण झाली. त्यांना गाण्यांचं तसं अप्रूप नव्हतंच. अप्रूप होतं ते याचं की हे सगळ्यांनाच मिळतं आणि कुणाला माहीत नाही. म्हणून ते सांगत सुटले. शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी टाकी धुण्याबद्दल फळ्यावर चांगली पानभर सूचना लिहिली होती. काकांनी त्यांना गाठून सांगितलं की ही सूचना तुमची आहे बरं का, कायद्यानं. अध्यक्ष म्हणाले, "मग घरी घेऊन जाऊ का?" काका दुखावले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले की तसं करायची गरज नाही, इथे राहूनही ती तुमचीच राहील. समोरच्या घरातल्या चिमुरडीनं मांजरावर निबंध लिहिला होता. तिची आई कौतुकानं तो दाखवायला आली तर काका वाचेनात. आधी लेखिकेला विचारून या, म्हणाले. लेखिका खेळायला गेली होती, तिला बोलावून आणलं, तिनं मान डोलावली, तेव्हा त्यांनी चष्मा लावला. मोबाइलवर कुणी सुप्रभाताची कविता पाठवली की हे उलट विचारायचे, कुणाची आहे ही? पाठवणाऱ्याला ठाऊक नसायचं. हे पुन्हा विचारायचे. अशा रीतीनं दोन-तीन गटांतून त्यांना काढून टाकण्यात आलं. कुणीतरी कुठेतरी बसून लिहिली असेल हो, असं ते मला म्हणायचे, आणि त्या न दिसणाऱ्या माणसाच्या काळजीनं त्यांचा चेहरा खरोखर उतरायचा.

मग पाळण्याचं प्रकरण झालं.

काकांची सगळ्यात पसरलेली रचना म्हणजे बारशाचा एक पाळणा. तो मी बिबवेवाडीत यायच्या आधीही ऐकला होता, वारज्याला एका मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला, आणि तो कुणी लिहिला असेल असा विचारही माझ्या मनात आला नव्हता. त्याची सुरुवात अशी:

निज निज बाळा, दार उघडे आहे,
आत येतो वारा, तुझी वाट पाहे.

काकांची नात कॉलेजात होती. एका नातेवाइकाच्या घरी बारशाला काकांनी स्वतः पाळणा म्हटला, त्याचं तिनं चित्रण केलं आणि इंटरनेटवर टाकलं. दोन दिवसांत त्याचा आवाज बंद झाला. आजोबांचे ओठ हलताहेत, बाळाचा पाय हलतोय आणि आवाज नाही. खाली मजकूर आला की या गाण्याचे हक्क अमुक एका ध्वनिमुद्रण कंपनीकडे आहेत. नात मोबाइल घेऊन धावत माझ्याकडे आली. "ताई, सीरियसली, आजोबांच्याच गाण्यावर आजोबांना स्ट्राइक?"

आम्ही शोधलं. कंपनीनं पाळण्यांचा एक संच काढला होता. गाणं दापोडीच्या एका गायिकेनं म्हटलेलं. गीतकाराच्या जागी लिहिलं होतं, पारंपरिक.

नातीचा संताप संताप झाला. काकांनी मात्र तो शब्द मला पुन्हा वाचायला लावला. पारंपरिक. त्यांना तो आवडलाच होता. मी जिवंत असताना माझं गाणं म्हातारं होऊन माझ्या पुढे निघून गेलं, म्हणाले. पण पुढच्या दोन दिवसांत त्यांनी गच्चीवर एक अक्षर लिहिलं नाही. खडू खिशात तसाच. तिसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाला होतात, पुसलं तरी राहतो."

मी कंपनीला लिहिलं. उत्तर नम्र होतं आणि थंड होतं. आपण म्हणता ते खरे असेलही, परंतु रचना आपलीच आहे हे कशावरून? आता गच्चीवर लिहून धुतलेल्या गाण्याचा पुरावा मी आणणार कुठून. पण काकांच्या त्या एका अटीनं आम्हाला तारलं. दापोडीच्या गायिकेचा नंबर मिळवून मी फोन केला, भीत भीतच. पलीकडून मोकळं हसू आलं. त्या म्हणाल्या, अगं, मी स्वतः बिबवेवाडीला सतरंजीवर बसून त्यांना म्हणून दाखवलाय तो पाळणा, डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. कंपनीवाल्यांनी मला विचारलं कधी? त्यांनीच टाकलं ते पारंपरिक. दुसऱ्याच दिवशी त्या बाईंनी कंपनीला तसं कळवलं, इतकं ठणकावून की आठवड्याभरात कंपनीनं चूक मान्य केली. गीतकार म्हणून काकांचं नाव लागणार होतं. त्यासाठी एका निवेदनावर सही हवी होती.

निवेदन एका परिच्छेदाचं होतं. हे संपूर्ण गीत मी एकट्याने रचले असून ते सर्वस्वी माझे आहे. खाली सहीची जागा. काकांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात खडूशेजारी ठेवलं. नात रोज विचारायची, सही केली का. काका म्हणायचे, "करतो की..." आणि पुढचं वाक्य येत नव्हतं. चहानंतरही येत नव्हतं.

एका संध्याकाळी ते मला म्हणाले, चला, कालव्यापर्यंत जाऊन येऊ. पर्वतीच्या पायथ्याकडून स्वारगेटकडे जाणारा कालवा. पाणी सोडलेलं होतं. कडेनं शेवाळ, वर झाडांची पानं, आणि पाणी जातंय की आपण जातोय ते कळू नये इतक्या संथपणे ते चाललेलं. मागे बसगाड्यांचा आवाज होता, पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी गावातून आल्यासारखा. काका दगडावर बसले.

त्यांनी सांगितलं की त्यांचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. पाळणा आणून ठेवलेला. नाव ठरलेलं, ठेवायचं राहिलेलं. काकू तेव्हा रडल्या नाहीत, आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी शेजारी बारसं होतं म्हणून काका पाळणा रचत बसले होते. तीन कडवी झाली. चौथं येईना. काकू समोर मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या बोलल्या. काकांशी नाही, भाजीशीही नाही.

नाव आज ठेवले, हाक उद्या मारीन,
तू ओ दिलीस की मी दिवा लावीन.

"मी उतरवून घेतलं," काका म्हणाले. "तिला वाटलं असेल, मी ऐकलंही नाही. दुसऱ्या दिवशी बारशाला बायकांनी ते म्हटलं, तेव्हा ती उठून आत गेली. तेव्हापासून सगळीकडे गातात. आणि ताई, लोक पहिली तीन कडवी विसरतात. चौथं कुणी विसरत नाही."

मग त्यांनी विचारलं की कायदा कुणाला लेखक म्हणतो, जो लिहितो त्याला की जो बोलतो त्याला. मी म्हटलं, ज्याला सुचलं तो लेखक. नुसतं लिहून घेणारा लेखक होत नाही.

ते पाण्याकडे बघत राहिले. "म्हणजे ते तिचं होतं," म्हणाले. "आपोआप. आणि मी तिला न विचारता वाटत सुटलो. गावभर लोकांना सांगत फिरलो, विचारा, विचारा म्हणून."

घरी आलो तेव्हा काकू भाकरी थापत होत्या. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी वर जायला निघाले तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. एरवी ते काकूंना अगं म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "पाळण्यातलं शेवटचं कडवं तुमचं आहे. मी ते तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो. लोकांना देऊ का?"

काकूंचे हात थांबले नाहीत. भाकरी परातीत गोल फिरत राहिली. तव्यावर टाकून, वरून पाणी फिरवून मग त्या म्हणाल्या, "आता इचारताय व्हय. समद्या पुण्यानं गाऊन झाल्यावर."

काका तसेच उभे. भाकरी फुगली. काकूंनी ती उतरवली, पदरानं कपाळ पुसलं आणि बऱ्याच हळू आवाजात विचारलं, "पोरं झोपत्यात का त्यानं?"

काका म्हणाले, "झोपतात."

"मग गाऊ द्या."

पण नाव लावायला त्या तयार नव्हत्या. ते मी कुणाला ऐकवायला बोलले नव्हते, असं त्या मला म्हणाल्या, आणि मला वाटलं, हे तर कुठल्याच कायद्यात बसणार नाही आणि तरी तंतोतंत खरं आहे. काकांनी आग्रह केला नाही. सहीही केली नाही. नाव नको तर नको, मग माझंही नको, पारंपरिकच राहू दे, म्हणाले. नातीनं डोक्याला हात लावला. असे कितीतरी दिवस गेले, कंपनीचे निरोप येत राहिले, आणि एका दुपारी काकू जिना चढून माझ्या खोलीत आल्या. आल्या त्या दारातच थांबल्या. नाव लावायचं तर कुठलं लावायचं, त्यांनी विचारलं. लग्नात यांच्या आत्यानं बदललेलं नको. आईनं ठेवलेलं लावता येईल का?

मी म्हटलं, लेखिकेला हवं ते नाव लावता येतं.

त्यांनी ते नाव सांगितलं. इतक्या पुटपुटत की मला पुन्हा विचारावं लागलं. लग्नानंतर त्या नावानं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही.

निवेदनातला एकट्याने हा शब्द खोडला गेला. दोघांच्या सह्या झाल्या. काकूंची अक्षरं सुटी सुटी, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून बसलेल्या पाहुण्यांसारखी. चित्रणाचा आवाज परत आला आणि खाली गीतकारांची दोन नावं आली. नातीनं मोबाइल आजीसमोर धरला आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवून विचारलं, ही कोण गं? काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "मी."

त्यानंतर पाळणा न्यायला कुणी आलं की काका नुसते स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे. काकूंनी म्हणून दाखवायची अट ठेवली नाही. बाळाचं नाव काय ठेवणार, ते आधी सांगा, एवढंच त्या विचारायच्या. नाव ऐकलं की एकदा स्वतःशी उच्चारायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

मी आता वारज्याला राहते. काका गेले त्याला वर्ष होत आलं. झोपेतच गेले. काकूंनी मला फोनवर एवढंच सांगितलं होतं की वाक्य अर्धंच राहिलं बघ.

परवा भेटायला गेले होते. काकू गच्चीत बसल्या होत्या, उन्हाला पाठ देऊन. गच्ची कोरी, धुतलेली. माझ्या तब्येतीची, नोकरीची चौकशी झाली. मग इकडेतिकडे पाहून, घरात कुणी ऐकत नाही ना अशा बेतानं त्या म्हणाल्या, "एक ओळ सुचलीया."

मी पर्समध्ये पेन शोधू लागले. म्हटलं, सांगा, लिहून घेते. तुमचं नाव घालते खाली.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात उन्हानं गरम झाला होता.

"नगं," त्या म्हणाल्या. "लिवलं की माझी हुईल. अजून थोडे दिवस आमची दोघांची राहू दे."